पोहे आधी वाटा

जालना–मंठा रस्त्यावर वाटूर फाट्याजवळ फवारणीच्या ड्रोनचा डेमो द्यायचा, तर तयारी हवीच. कंपनीचे साहेब ती मनापासून करतात. फ्लेक्स छापतात, टोप्या मोजतात, पोह्यांचं सांगून ठेवतात. शेत असं निवडतात की ज्यात झाड नाही, विजेची तार नाही आणि शक्यतो पीकही नाही. दहा लिटरची टाकी, दहा मिनिटांत एकर, एवढं पाठ झालं की झालं.

२००७मध्ये स्टीव्ह जॉब्सनेही आयफोन असाच दाखवला. फोन मध्येच बंद पडायचा, म्हणून काय कोणत्या क्रमाने दाबायचं ते घोकून ठेवलेलं. पण त्याच्यासमोर टाळ्या वाजवायला आलेले लोक होते. इथे बांधावर बसलेले आबा तंबाखू मळत विचारतात, "बॅटरी किती एकर चालती? अन् चार्जिंग कवा करायची? थ्री-फेज तर रातच्याला येती."

त्यात हा बियाण्यांचा जिल्हा. १९६४मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी उभी केली. तेव्हापासून इथे प्रात्यक्षिकाचे इतके प्लॉट झालेत, की पाटीचा खड्डा किती खोल घेतला यावरून कंपनी किती हंगाम टिकेल ते लोक सांगतात.

तेव्हा साहेब, भाषण कमी घोका. आदल्या दिवशी एकटे या, उभ्या कपाशीवर उडवून बघा, वारा सुटू द्या, नोझल तुंबू द्या. आणि "सर्व्हिस सेंटर कुठंय?" याला "लवकरच" एवढंच उत्तर असेल, तर पोहे प्रश्नोत्तरांच्या आधीच वाटून टाका.