घर चाकांवर, अक्कल टॉवरवर

ज्याच्या गाडीत पलंग आहे, फ्रीज आहे, शेगडी आहे आणि संडासही आहे, असा गृहस्थ हल्ली गंभीर चेहऱ्याने विचारतो, ‘भटकंतीला स्मार्टफोन न्यावा का हो?’ मागून त्याची बायको सांगते, ‘ह्यांना सगळ्यांपासून लांब जायचंय.’ सगळ्यांपासून म्हणजे ऑफिसच्या ग्रुपपासून. चार्जर मात्र घरातले होते नव्हते तेवढे गाडीत भरलेले असतात.

न्या की. फोन नसेल तर फास्टॅगमध्ये पैसे कशाने भरणार? टोलनाक्यावर नोटा काढल्या तर फसलात. डिजिलॉकरमधले लायसन ग्राह्य धरा, असे केंद्राने राज्यांना 2018 सालीच कळवले आहे. टपरीवर सुटे पैसे तुमच्याकडे नसतात आणि टपरीवाल्याकडेही नसतात. बरणीला चिकटवलेला क्यूआर कोड दोघांची अब्रू राखतो. अडचण आली तर 112 लावता येतो. एवढ्या कामांपुरता फोन लाखमोलाचा, त्याबद्दल वाद नाही. वाद पुढचा आहे. फोनला गाडीत घेतले ते ठीक, त्याला घरातला कर्ता पुरुष कोणी केले?

शनिवारी सकाळी आंबीत उभे राहा. तळेगाव स्टेशनाकडून इंद्रायणी ओलांडली की हे गाव. एका अंगाला भाताची खाचरे, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी. याच पट्ट्यात मोटारींचा तो मोठा कारखाना आहे, जो जनरल मोटर्सने 2008 साली सुरू केला, 2020 च्या अखेरीस थांबवला आणि पुढे ह्युंदाईने विकत घेतला. कंटेनर, कॉलेजच्या बसगाड्या, दुधाच्या मोटारसायकली, इथल्या माणसांनी चाकांचे सगळे प्रकार पाहिले आहेत. तरी शनिवारची ती उंच पांढरी गाडी आली, टपावर सोलर पॅनेल आणि पाठीला सायकली, की टपरीवरची मंडळी चहाचा ग्लास खाली ठेवतात. कारण ती गाडी नाक्यावर थांबते, वळते, परत येते आणि पुन्हा थांबते. आतून बाईचा आवाज येतो, ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा.’ डावीकडे गोठा आहे.

टपरीवर चार माणसे बसली आहेत, चौघांचाही जन्म इथला. पण त्यांना विचारायचे तर काच खाली करावी लागते आणि एसीचा गारवा जातो. म्हणून गृहस्थ पडद्यावर दोन बोटे ताणून गोठाच मोठा करून बघतो. अखेर नाइलाज झाला की उतरतो.

‘मामा, हा रस्ता धरणाकडे जातो ना? फोन तर जातो म्हणतोय.’

‘जातो की,’ मामा म्हणतात. ‘मे महिन्यात.’

एवढे ज्ञान एकाही उपग्रहाकडे नाही. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो पडायला लागला की मावळातला रस्ता रस्ता राहील याची हमी नसते. साकवावरून पाणी जाते, खाचराचा बांध फुटून चिखल डांबरावर येतो. नकाशातली रेघ मात्र बाराही महिने तशीच निळी. शिवाय ती रेघ मोटारीच्या मापाची. गुगल मॅप्सने 2017 साली भारतात दुचाकीसाठी वेगळा मार्ग दाखवायला घेतला, 2024 साली काही शहरांत चारचाकीला अरुंद रस्ते टाळायची सोय दिली. मावळ अजून शहर झालेले नाही, हे आमचे नशीब आणि तुमची पंचाईत. अख्खा संसार पाठीवर घेऊन निघालेल्या गाडीला नकाशा साधी मोटारच समजतो. रेल्वेखालचा भुयारी मार्ग किती उंच, वडाची फांदी किती खाली, विजेची तार कुठे लोंबते, हे त्याला ठाऊक नाही. सगळ्यात आधी कळते ते टपावरच्या सोलर पॅनेलला.

पॅनेल भरून मिळते. माणूस मिळत नाही. जानेवारी 2021 मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्री अकोले तालुक्यात नकाशाच्या भरवशावर जवळच्या रस्त्याने गेली आणि थेट पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात उतरली. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा वाचला नाही. तिथे पूल होताच, नकाशा खोटे बोलला नव्हता. फक्त पाणी सोडले की तो पूल बुडतो, ही गोष्ट नकाशाला माहीत नव्हती. गावात ती शाळेतल्या पोरालाही माहीत होती. जुलै 2025 मध्ये बेलापुरात एक मोटार पुलावर जाण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने खाडीत गेली. चालवणाऱ्या बाईंना सागरी सुरक्षेच्या पोलिसांनी बाहेर काढले. नकाशाला कुणी काढले नाही, तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला वाट दाखवायला हजर.

आणि आंबीच्या माणसाला लांबचा दाखला द्यायचे कारणच नाही. याच इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल 15 जून 2025 रोजी, रविवारी, पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चौघे गेले. पूल मोडकळीला आलाय हे आसपासच्या गावांत जुने झाले होते, धोक्याचा फलकही लागला होता. शहरातून आलेल्यांनी जागा फोनवर पाहिली होती. फोनवर पाण्याचे फोटो छान दिसतात. गंज दिसत नाही.

आता कोणी म्हणेल, आमचा फोन महागाचा आहे. असू दे. अंदर मावळात ठोकळवाडी धरणाच्या अंगाला शिरलात की महागाचा आणि स्वस्तातला फोन एकाच पंक्तीला बसतात, कारण डोंगर दोघांची रेंज सारख्याच निर्विकारपणे अडवतो. जीपीएसला रेंज लागत नाही, त्यामुळे तुम्ही कुठे आहात हा निळा ठिपका दिसत राहतो. पण नकाशा आधी उतरवून घेतला नसेल तर ठिपक्याभोवती नुसता करडा कागद. आपण आहोत याची खात्री, कुठे आहोत याचा पत्ता नाही. यासाठी माणसे पूर्वी हिमालयात जात, आता टाकवे ओलांडले तरी भागते. इतकाच उपाय सांगतो: नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत, त्यामुळे कुणी करत नाही.

चाकांवरच्या घराची कल्पना सरकारलाही आवडली आहे. 2021 साली राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणच जाहीर केले. धोरणात गाडी आहे, गाडी उभी करायचे पार्क आहे, पाणी आहे, वीज आहे. वाचताना असे वाटते की महाराष्ट्रात घर घेऊन फिरणे 2021 साली सुरू झाले.

आंबीखाली इंद्रायणीच्या काठाने गेले की देहू लागते. तुकोबांच्या पादुकांची पालखी त्यांच्या मुलाने, नारायण महाराजांनी, 1685 साली सुरू केली, असे मानतात. देहूतून निघाली की ती आकुर्डीला मुक्काम करते, आणि त्याच आकुर्डीत फोर्स मोटर्स या कंपनीचा कारखाना आहे, जिच्या ट्रॅव्हलरमध्ये हल्ली हौशी लोक पलंग आणि बेसिन बसवून घेतात. अशा पालख्यांबरोबर शेकडो ट्रक-टेम्पो चालतात. ट्रकमध्ये राहुट्या, गॅस, पिठाची पोती, पातेली आणि चारशे माणसांचे अंथरूण. ट्रक पुढे जातो, मुक्कामाच्या वावरात तळ टाकतो, भाजी चिरायला घेतो, आणि संध्याकाळी हजारोंच्या गर्दीतून सत्तर वर्षांची आजी बरोब्बर आपल्या राहुटीत येते. कशी? तिला दिंडीचा नंबर पाठ असतो: रथापुढची अमुक, रथामागची तमुक. पत्ता रोज नव्या गावात आणि तरी तोच. चुकलीच तर लाउडस्पीकरवर नाव पुकारतात. हल्ली आजीच्या पिशवीत फोन असतो, ट्रकच्या फळीला चार्जिंगची बटणे असतात, पालखी कुठवर आली ते पुण्याचे पोलीस ऑनलाइन दाखवतात. आजी सगळे वापरते. नातवाला व्हिडिओ कॉल लावून विठोबाच्या आधी त्याला दर्शन देते. पण मुक्काम कुठे, हे ती फोनला विचारत नाही.

दुसरे उदाहरण गोड नाही, जरी साखरेचे असले तरी. दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मावळातही येतात, इथे कासारसाई-दारुंब्रेला संत तुकाराम साखर कारखाना आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, बाज, कोंबड्या, पोरे, वर ताडपत्री. फडाशेजारी कोपी उभी राहते, ऊस संपला की पुढच्या फडाला. याला मोटरहोम कोणी म्हणत नाही, कारण यात हौस नाही. त्यांच्याही हातात स्मार्टफोन असतो, आणि तो मुकादमाचा आवाज ऐकायला असतो: उद्या कुठल्या गावात, कुणाच्या फडात. काम झाले की गावाकडे सासूजवळ ठेवलेल्या पोरीशी बोलायला. महिनोन् महिने चाकांवर राहणाऱ्या या माणसांनी फोनची किंमत कधीच ठरवून टाकली आहे. पलीकडे ओळखीचा माणूस असेल तर फोन कामाचा, नसेल तर बॅटरी वाचवा.

हौशी गाडीवाल्याकडे नेमके हेच नसते. त्याच्या फोनमध्ये हवामान आहे, होकायंत्र आहे, ताऱ्यांची नावे सांगणारे ॲप आहे, गाडी सपाट जागी उभी आहे का हे बघायला पाणसळही आहे. ओळखीचा माणूस तेवढा नाही. म्हणून मग काय होते? पडद्यावर हिरवी, सपाट, पाण्याकाठची जागा दिसते. मुक्कामाला झकास, असे ठरते. ती जागा म्हणजे कोणाचे तरी भाताचे खाचर असते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 साली दिलेला, ज्याच्या वासासाठी तुम्ही पुण्यात जादा पैसे मोजता तो इंद्रायणी तांदूळ तिथे पिकतो. ॲपने सपाट सांगितले ते खरेच असते. खाचर सपाट असावेच लागते, त्याशिवाय पाणी साचत नाही. रात्रीतून मागची चाके बसतात. फ्रीज, पलंग, संडास आणि ताऱ्यांचे ॲप यांच्यासकट घर हळूहळू शेतकऱ्याच्या नावावर व्हायला लागते.

अशा वेळी ट्रॅक्टर लागतो. तो ॲपवर बोलावता येत नाही. तो मामांच्या मेव्हण्याकडे असतो, आणि मेव्हणा मामांच्या शब्दावर येतो. साखळदंड लावतो, ओढतो, तुडवलेल्या भाताचे काय ते बोलतो आणि पैसे फोनवर घेतो. बघा, स्मार्टफोन लागलाच की नाही?

तेव्हा फोन जरूर न्या. नकाशा उतरवून ठेवा, 112 लक्षात ठेवा, फास्टॅग भरा. आणि निघण्यापूर्वी जिथे जाणार त्या गावातल्या एका तरी माणसाचा नंबर मिळवा. रात्री नऊनंतर त्याला ‘लोकेशन पाठवा’ म्हणून छळू नका. तो ‘मारुतीच्या देवळापाशी या’ म्हणेल, तर देऊळ शोधा. टपरीवरच्या मामांचा नंबर ‘आंबी चहा’ म्हणून सेव्ह करू नका, नाव विचारून घ्या. तुमचा नंबर त्यांनी ‘गाळातले पाहुणे’ म्हणून केव्हाच सेव्ह केलाय.