पाइपांचा अतिरिक्त कार्यभार

एखादा माणूस छान नाचतो म्हणून त्याच्या हाती कोणी तिजोरीची किल्ली देत नाही. संगणकवाल्यांनी मात्र दिली, आणि वर्षानुवर्षं त्याच्याच हाती ठेवली.

मुळात स्क्रीनसेव्हर साधा-सरळ होता. काचेच्या जुन्या मॉनिटरवर एकच चित्र फार वेळ राहिलं की फॉस्फरवर त्याचा कायमचा डाग पडे. म्हणून १९८३ साली जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीसाठी छोटासा प्रोग्रॅम लिहिला : तीन मिनिटं कोणी कळ दाबली नाही, की पडदा काळा. एवढंच. पण नुसत्या काळ्या पडद्यावर कोणाचं मन भरतं? १९८९मध्ये 'आफ्टर डार्क' हा स्क्रीनसेव्हर आला आणि पडद्यावर पंखवाले टोस्टर उडू लागले. आमच्या घरी टोस्टर फार उशिरा आला. मी तो आधी उडतानाच पाहिला.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की माणूस जागेवर नसतो तेव्हाच हा नाचतो, तर पासवर्ड मागून दारही यानेच सांभाळावं. सरकारी भाषेत, अतिरिक्त कार्यभार. त्याने तो कसा सांभाळला? विंडोज ९५वर समोर पासवर्डची खिडकी उभी असतानाही सीडी आत सरकवली, की तिच्यातला प्रोग्रॅम मागच्या मागे सुरू व्हायचा.

आमच्या कचेरीत त्रिमितीय पाइपांचा स्क्रीनसेव्हर होता. हिशेबखात्याचे भाऊसाहेब रकाने तपासत शांत बसले, की संगणकाला वाटे, गेले! लगेच पाइपांचं जाळं, आणि मग पासवर्ड. पाइपांची वेळ तीच कुलपाची वेळ. वेगळी करायची सोयच नव्हती. अखेर भाऊसाहेबांनी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरलाच चिकटवला. सुरक्षा अधिकारी मंडळी याला वापरकर्त्याचा बेफिकीरपणा म्हणतात. मी याला आराखड्याची फळं म्हणतो.

लिनक्सच्या दुनियेत जेमी झविन्स्की १९९२पासून 'एक्सस्क्रीनसेव्हर' सांभाळताहेत. त्यांचा हेका एकच : कुलूप लावणाऱ्याने कमीत कमी काम करावं, चित्रं वेगळ्या प्रोग्रॅमने काढावीत. कारण जुन्या एक्स विंडो व्यवस्थेत कुलूप म्हणजे पडद्यावर पसरलेला एक प्रोग्रॅम. तो कोसळला की मागचं सगळं उघडं. चित्रवाला कोसळला तर बिघडत नाही, पहारेकरी कोसळता कामा नये. हे ते इतक्या खवचटपणे सांगत, की ऐकणाऱ्याला पटण्याआधी राग यायचा.

जानेवारी २०२१मध्ये एका गृहस्थाने कळवलं, की घरातल्या पोरांनी खरा आणि पडद्यावरचा असे दोन्ही कीबोर्ड मनसोक्त बडवले, आणि लिनक्स मिंटचं कुलूप उघडलं. पडद्यावरच्या कीबोर्डचं एक विशिष्ट अक्षर दाबलं, की तो कोसळायचा आणि जाताना कुलूपही घेऊन जायचा. आपण हे आधीच सांगितलं होतं, असं झविन्स्कींनी लगेच लिहिलं. हे वाक्य उच्चारायची संधी सोडणारा माणूस मी सदाशिव पेठेतही पाहिलेला नाही.

आताच्या वेलँड व्यवस्थेत कुलूपवाला प्रोग्रॅम मेला, तरी पडदा बंदच राहावा असा नियम आहे. शहाणपण आलं. पण त्याआधीच 'ग्नोम' या लिनक्स डेस्कटॉपवाल्यांनी चित्रंच काढून टाकली. पहारा राहिला, नाच बंद! मला हे अजिबात मंजूर नाही.

निवृत्त भाऊसाहेबांना हे सगळं मी परवा समजावलं : कुलूप वेगळं, पाइप वेगळे, आता दोन्ही स्वतंत्र. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"छान झालं," ते म्हणाले, "मग पाइप राहू दे, कुलूप काढून टाक."