गाडीला दम खाऊ देण्याचा शास्त्रोक्त विधी

मंचरहून घोडेगाव, शिनोली, डिंभे करत भीमाशंकरला निघालेली मोटारसायकल पोखरीचा घाट चढून आली की थांबवावी लागते. गाडी तापली आहे, हे मागे बसलेल्याने जाहीर करायचं असतं. त्याची कंबर धरलेली असते, पण ते विधीत धरत नाहीत.

आधी जागा. टपरीपासून वीस पावलांच्या आत हवी. चहाचा आणि इंजिनाचा काय संबंध, असं विचारणाऱ्याने घाट एसटीनेच चढलेला असतो. जुन्नरकडच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळापासून कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि जकातीचा म्हणतात तो दगडी रांजणही माथ्यावरच आहे. कोकणातून चढून आलेला व्यापारी आणि त्याचा बैल दोघंही धापा टाकत असणार. जकातीवरून हुज्जत घालायला अंगात त्राण कुठून आणायचं? मुद्दा एवढाच, की चढ संपला की थांबायचं ही इथली जुनी रीत आहे. बैलाला मात्र पाणी दाखवतात, इंजिनाला नाही.

हे बजावून सांगायचं कारण आमचे आबा. गाडी स्टँडवर लागायच्या आत आबांच्या हातात बाटलीचं बूच असतं. "तापलंय रे लेकरू," म्हणत ते ब्लॉकवर धार धरायला निघतात. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं की वरचा थर चटकन आकसतो, आतला फुगलेलाच राहतो, आणि या ओढाताणीत तडा जाऊ शकतो. आबांना हे पटत नाही.

"मग माळशेजच्या पावसात नाही ती तडकत?"

"आबा, पाऊस सगळीकडून आणि पहिल्यापासून पडत असतो. इंजिन तेवढं तापतच नाही."

"बरं. मग मी जरा जरा ओततो."

बाटली काढून घ्यावी आणि त्यांना चहा सांगावा.

आता गाडी बंद कधी करायची? टपरीवरचं एकमत असं, की दोन मिनिटं तशीच फुरफुरू द्यावी, एकदम बंद केली तर इंजिनाला धक्का बसतो. हा नियम खरा आहे, फक्त आपल्या गाडीचा नाही. पुणे-नाशिक रस्त्यावरचे ट्रकवाले तो पाळतात, कारण त्यांच्या इंजिनाला टर्बो असतो आणि जोर लावून आल्यावर त्याच्या बेअरिंगला गार व्हायला थोडा वेळ तेल फिरावं लागतं. आपली शंभर सीसी वाऱ्यावर जगते. ब्लॉकभोवतीच्या त्या पात्या वारा लागावा म्हणूनच असतात. उभी करून चालू ठेवली की वारा बंद, आग चालू. शेवटचा अर्धा किलोमीटर हळू यावं, पोचल्यावर चावी फिरवावी, झालं. रेडिएटरवाल्या गाड्यांपैकी काहींचा पंखा चावी काढल्यावरही फिरत राहतो. त्या वेळी मिस्त्रीला फोन लावून "बंदच होत नाही ओ" असं ओरडू नये.

गाडी बंद केल्यावर टिक, टिक असा आवाज येतो. सायलेन्सर आणि ब्लॉक आकसत असतात, दुसरं काही नाही. पण जाणकाराने या वेळी खाली वाकून, मान तिरकी करून, गंभीरपणे ऐकावं आणि "हं" म्हणावं. त्याहून जास्त काही बोलल्यास खर्च वाढतो.

गाडी वाळलेल्या गवतात लावू नये. हे विनोदाने सांगत नाही. डोंगरावर गवत एकदा पिवळं पडलं की वणव्याला निमित्त पुरतं, आणि हल्लीच्या बीएस-६ गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारी जाळी असते, ती चांगलीच तापते. मुरमावर लावावी.

राहिली पोटरी. सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजवीकडे असतो, त्यामुळे हाफ पँटवाला पाहुणा नेमका उजवीकडून उतरतो. चटका बसला की आपल्याकडे टूथपेस्ट, हळद आणि तूप, म्हणजे मोरी आणि देवघर, एकदमच धावून येतात. तिन्हींना थोपवावं आणि पोटरी वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरावी. आबांची बाटली इथे कामाची, पण ती एव्हाना त्यांनी पिऊन टाकलेली असते.

गार झाली का, हे बघायला ब्लॉकला हात लावायचा नाही. बोटाने थेंबभर पाणी पातीवर उडवायचं. चर्र झालं तर आणखी एक चहा. आमचे तीन झाले. तेवढ्या वेळात आबांनी दोनदा गाडी फिरवून लावली होती, ब्लॉकवर झाडाची सावली यावी आणि दरीकडचा वारा समोरून लागावा म्हणून. चौथ्या चहाआधी थेंब पातीवर नुसता बसून राहिला. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वारा त्यांनीच घातला होता, आणि ऐटीत टांग टाकून गाडीवर बसले.

सावली फक्त ब्लॉकवर होती. काळी सीट पाऊण तास उन्हात होती.