ट्रॅक्टरचा पारखी

पारखी म्हणजे मेकॅनिक नव्हे. मेकॅनिकला पाना लागतो, पारख्याला कान पुरतो. पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात जुना ट्रॅक्टर घ्यायला त्याच्याशिवाय कोणी जात नाही. कारखान्यांचे गळीत संपले, की दोन-दोन ट्रॉल्या ओढून दमलेले ट्रॅक्टर विक्रीला निघतात आणि पारख्याचा हंगाम सुरू होतो. मजुरी तो घेत नाही. जेवण घेतो.

पाच एकरांच्या धन्याला 35 एचपी पुरेसा असतो, हे पारखी वाटेतच सांगतो. शेजाऱ्याकडे 45 चा असल्याने धनी ते ऐकत नाही.

विकणाऱ्याच्या दारात पोचल्यावर तो आधी रंग पाहतो. ताजा रंग म्हणजे त्याच्या लेखी कबुलीजबाब. मग सहज टेकल्यासारखा इंजिनाला हात लावतो. इंजिन कोमट लागते. "सकाळीच चालवलात वाटतं?" "वैरण आणली जरा." वैरणीची ही गोष्ट प्रत्येक विकणाऱ्याकडे असते. गरम इंजिन कसेही सुरू होते. दुखणे कळते ते थंड असताना. म्हणून पारखी जेवायला बसतो आणि भाकरी, कालवण, भात, पुन्हा कालवण अशा क्रमाने इंजिन थंड होऊ देतो. ही शास्त्रीय गरज की भूक, यावर जाणत्यांत एकमत नाही.

हात धुऊन झाला, की चावी फिरते. निळा धूर निघाला तर ऑइल जळते आहे, म्हणजे रिंगा-पिस्टनचा खर्च आला. काळा निघाला तर नोझल किंवा पंप पाहायचा. एअर फिल्टर तुंबल्यानेही तो येतो, पण एवढे स्वस्त दुखणे सांगायला पारख्याला आवडत नाही. ऑइलचे झाकण काढून तो तिथे तळहात धरतो. धूर भकाभका हाताला लागला, तर बोअरची झीज झालेली असते. तासांच्या मीटरकडे तो पाहतही नाही, कारण त्याची केबल बहुधा तुटलेली असते आणि ती नेमकी कमी तासांवरच तुटते.

लिफ्टची परीक्षा चहावर होते. नांगर वर उचलायचा, इंजिन बंद करायचे आणि चहा मागवायचा. कप रिकामा होईतो फाळ जमिनीला टेकला, तर हायड्रोलिक गळते आहे. बशीत ओतून पिणाऱ्या पारख्याकडून विकणाऱ्याला जास्त धोका असतो. ऊस ओढलेल्या ट्रॅक्टरचे क्लच आणि ब्रेक मात्र तो स्वतः चालवून पाहतो. इथे तो गंभीर असतो आणि सहसा चुकत नाही.

चुकतो तो कागदांत. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि 35 नंबरचा फॉर्म लागतो. नावावर करायला 29 आणि 30 नंबरचे. ही कामे "शिकलेल्या पोरांची" म्हणून पारखी सोडून देतो, आणि धनी पुढे महिनोन्‌महिने दुसऱ्याच्या नावावरचा ट्रॅक्टर चालवतो.

पारख्याच्या स्वतःच्या रानाची नांगरट दर वर्षी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते, आणि मागच्या वर्षीचे भाडे अजून द्यायचे असते.