आधी वाट्या आणा

खोक्याची चिकटपट्टी फाडण्याआधी फिटरकाका स्वयंपाकघरात निरोप धाडतात, "वहिनी, सहा वाट्या द्या. स्टीलच्या. आणि एक परात." वहिनींना वाटतं, मंडळी भेळ करायच्या बेतात आहेत. थोड्या वेळाने बाहेर येऊन बघतात, तर आमटीच्या वाटीत लाकडी खुंट्या, कोशिंबिरीच्या वाटीत मिनीफिक्स म्हणजे फळ्या एकमेकींना आवळणाऱ्या गोल चकत्या, आणि परातीत मधोमध एकटी अ‍ॅलन की. खोक्यातल्या कागदाशी ताडून प्रत्येक वाटीतली मोजदाद होईपर्यंत एकाही फळीला हात लावायची कुणाची टाप नसते.

कोकणातल्या खेड गावात हे फिटरकाका आळीआळीला सापडतात. नावं वेगळी, हाक एकच. यातले बरेचसे लोटे एमआयडीसीतून निवृत्त झालेले. तीस-बत्तीस वर्षं केमिकलच्या कारखान्यात पाइप जोडले, फ्लँज आवळले. फ्लँजचे बोल्ट ओळीने आवळत गेलं, तर गॅस्केट एकीकडे दबतं आणि दुसरीकडून गळतं. म्हणून आधी सगळे हाताने लावायचे, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, पक्के अगदी शेवटी. चपलांच्या रॅकमधून काही गळायची शक्यता नाही, हे काकांना कळतं. तरीही ते रॅक तसाच जोडतात.

हे सुटं फर्निचर खेडात येतं ते दोन वाटांनी. एक कुरिअरच्या टेम्पोतून, ज्याचा ड्रायव्हर भरणे नाक्यावरून फोन करून विचारतो, "घर नक्की कुठे?" दुसरी, चाकरमान्यांच्या गाडीच्या टपावरून. असं फर्निचर विकणाऱ्या आयकियाचं भारतातलं पहिलं दुकान २०१८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादला निघालं, ते खेडकरांना लांबच. पण २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भ्याला निघालं, आणि गणपतीला गावी येणाऱ्या पुतण्यांच्या गाडीवर दोरीने बांधलेले चपटे खोके दिसू लागले. पुतण्या कशेडीच्या बोगद्यातून खाली उतरतो तेव्हा इकडे काकांचा पाना पुसून तयार असतो.

पुतण्या हुशार असतो. तो सांगतो, "काका, १९५६ साली तिकडे स्वीडनमध्ये गिलिस लुंडग्रेन नावाच्या माणसाला टेबल गाडीत बसवता येईना. त्याने पाय काढून ठेवले, आणि तिथून हा सगळा धंदा सुरू झाला." काका चष्म्यावरून बघतात. "मग त्याच्या आधी टेबलाचे पाय कुणीच काढले नव्हते?" प्रश्न रास्त आहे. व्हिएन्नाच्या थोनेटने १८५९ सालीच वाकवलेल्या लाकडाची खुर्ची काढली होती, सहा तुकडे आणि मूठभर स्क्रू. अशा छत्तीस खुर्च्या सुट्या करून एक घनमीटरच्या खोक्यात मावत. आणि आपल्याकडचे जुने सागवानी पलंग तरी काय, खुंट्या ठोकून काढायचे, जिन्यावरून न्यायचे, वर पुन्हा ठोकायचे. काकांना शोधाचं श्रेय कुणाला द्यायचं यात रस नाही. त्यांना खोका कुठे ठेवायचा, यात आहे. खोका फाडून टाकायचा नसतो, उलगडून जमिनीवर पसरायचा असतो. फळ्या त्याच्यावर. म्हणजे लादीही वाचते आणि सनमायकाही.

मग सुरू होतं ते जावईबापूंचं. प्रत्येक घरात या प्रसंगी एक जावई हजर असतोच, आणि त्याच्याकडे बॅटरीवरची ड्रिल मशीन असते. त्याला काम झटपट हवं असतं. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि राळ एकत्र दाबून केलेली फळी. मशीनने स्क्रू सुर्रकन आत जातो, शेवटचा फेरा जास्त बसतो, आणि आतले आटेच उडतात. मग तो स्क्रू जन्मभर गरगर फिरत राहतो. काका जावयाला उलट बोलत नाहीत, जावई तो जावई. ते फक्त म्हणतात, "जावईबापू, मशीन जरा चार्जिंगला लावता का?" मशीन चार्जिंगला गेली की काम भराभर पुढे सरकतं.

कारण काकांचा सगळा वेग सुरुवातीच्या त्या चेंगटपणात आहे. एकदा वाट्या भरल्या, फळ्यांवर पेन्सिलीने आकडे पडले, कुठली कड रंगवलेली आणि कुठली उघडी ते बघून झालं, की हात थांबत नाहीत. उघडी कड मागे किंवा खाली, हे न बघता जोडणारा माणूस शेवटच्या पायरीला पोचतो, तेव्हा कपाटाची दर्शनी बाजू भिंतीकडे तोंड करून उभी असते. मिनीफिक्सचा बाण फळीच्या कडेकडे, बोल्टाचं डोकं त्यात, आणि साधारण अर्धा फेरा. अर्ध्या फेऱ्यात धरलं नाही तर जोर लावायचा नाही, काढून बघायचं. सगळा सांगाडा कच्चा उभा राहिला की काका खिशातून टेप काढतात आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मापतात, मग दुसरा तिरकस. दोन्ही मापं एक आली तरच मागची पातळ फळी ठोकायची. ही फळी लोकांना धूळ अडवायला वाटते. खरं तर कपाट काटकोनात तीच धरून ठेवते, आणि ती तिरकी बसली की दारं आयुष्यभर एकमेकांवर रुसलेली.

खोक्यात दोन-चार नग जास्तीचे निघाले की बाकी लोक खूश होतात. काकांचं तोंड उतरतं. कारखान्यात काम संपल्यावर एक बोल्ट हातात उरला, तर साहेबापर्यंत विचारणा होई. म्हणून ते कागद पुन्हा उघडतात, पानापानावर बोट ठेवतात, आणि जास्तीचे नग मुळातच जास्तीचे होते याची खात्री पटल्यावरच चहा घेतात. तोवर चहा दोनदा गरम झालेला असतो.

भिंतीचं काम मात्र त्यांना मनापासून आवडतं. उंच कपाट भिंतीला अडकवायची पट्टी खोक्यातच येते, आणि बहुतेक घरांत ती ड्रॉवरमध्ये जाते. आयकियाने २०१६ साली अमेरिकेत जवळपास २ कोटी ९० लाख खणांची कपाटं परत मागवली, ती लहान मुलांच्या अंगावर पडत होती म्हणून. हे पुतण्याने सांगितल्यापासून काका पट्टी लावल्याशिवाय घर सोडत नाहीत. पण चिऱ्याची भिंत ठिसूळ. हॅमर चालू ठेवून ड्रिल मारलं, तर भोकाचा बोगदा होतो आणि लाल भुकटी अख्ख्या घरभर. तेव्हा हॅमर बंद, लांब प्लग, आणि इथे जावयाच्या मशीनला शेवटी मान मिळतो.

नॉर्टन, मोचोन आणि एरिएली या तिघा अभ्यासकांनी दाखवून दिलंय, की स्वतः जोडलेली वस्तू माणसाला तिच्या योग्यतेहून जास्त मोलाची वाटते. खेडात याची एक पुढची पायरी पाहायला मिळते. घरमालकाने दोन तास फक्त टॉर्च धरलेला असतो, तरी संध्याकाळी पाहुण्यांना तो सांगतो, "आम्हीच जोडलं." काका शेजारी बसून लाडू खातात आणि मान डोलावतात.

एकाच गोष्टीत ते कुणाचं ऐकत नाहीत. खुंट्यांना फेविकॉल लावू देत नाहीत. लावला तर घट्ट बसेल, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण घर बाजारपेठेत, जगबुडी नदीच्या बाजूला. २००५ आणि २०२१ च्या जुलैतल्या पुरात तिथे जे झालं, ते ज्यांच्या दुकानात झालं त्यांना विचारावं. पार्टिकल बोर्ड पाणी प्यायला की फुगतो, आणि उन्हात ठेवला तरी मूळ जाडीवर येत नाही. मिनीफिक्स दोन-चार वेळा उघडून बसवलं तरी धरतं, डिंकाने चिकटवलेलं सुटत नाही.

मालकीणबाईंना हे पटत नाही. "त्यापेक्षा आम्ही लोखंडी कपाटच घेतो कसं, पाण्याचं भय नको."

"घ्या की," काका म्हणतात. "पण नदीने इशारा पातळी गाठली, की ते माळ्यावर कोण नेणार? मला बोलवू नका, माझी कंबर धरलेय. हे असेल तर हाक मारा, फळ्या सुट्या करून वर देतो."