षट्कोनी शिक्का आणि मोहाची फुलं

भाच्यानं बेल्जियमहून निळ्या शिमेची बाटली आणली आणि जबलपूरच्या नेपियर टाऊनमध्ये एक बिअरतज्ज्ञ अवतरला. पूर्वी मी बिअर गार आहे की नाही एवढंच बघायचो. आता ग्लास उजेडात धरतो, आत नाक घालतो, आणि पाहुणे ताटकळत असताना ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती साधूंचा इतिहास सांगतो. स्कूरमोंचा मठ, १८६२ पासूनची भट्टी, वगैरे.

"मनुका, करपलेला गूळ, मागाहून किंचित लवंग," मी डोळे मिटून म्हणालो.

मेहुण्यांनी घोट घेतला. "भाऊजी, हा तर आईचा सर्दीवरचा काढा."

"नऊ टक्के आहे."

"मग सर्दी आहेच मला. ओता."

बाटलीवरचा ट्रॅपिस्टांचा षट्कोनी शिक्का उगाच मिळत नाही. बिअर मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली व्हायला हवी. मठाचा खर्च भागून उरेल ते दानधर्माला. वेस्टव्लेटेरेनच्या मठातले साधू तर वर्षानुवर्षं बाटलीला लेबलही लावत नसत. मी मात्र रिकामी शिमे शोकेसमध्ये ठेवली आहे. लेबल दाराकडे.

पण माझा लाडका किस्सा पुढेच आहे आणि तो ऐकल्याशिवाय आमच्याकडे जेवण वाढत नाहीत. याच स्कूरमोंच्या मठातले एक साधू १९५५ साली भारतात आले, पुढे फ्रान्सिस आचार्य झाले. १९५८ साली त्यांनी केरळात वागमोणजवळच्या डोंगरावर कुरिसुमला आश्रम काढला. भगवी वस्त्रं, शाकाहार, जमिनीवर मांडी. पोटापाण्याचं काम हातानं करायचं हा ट्रॅपिस्टांचा नियमच. तर बिअरच्या मठातून आलेल्या या माणसानं कसला उद्योग मांडला? गाई पाळल्या! १९९८ साली आश्रम ट्रॅपिस्ट संघात रीतसर सामील झाला. म्हणजे भारतातलं ट्रॅपिस्ट पेय दूध. आणि दुधाचं करायचं काय, हे जबलपूरकराला कुणी शिकवू नये. ते आटवावं, खवा करावा, खव्याची जाडजूड, काळपट जिलबी तळून पाकात सोडावी आणि कमानिया गेटपाशी उभ्यानं खावी. साधूंना हे कुणी कळवलं नसावं.

मेहुणे मंडल्याचे. जिलबीपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मठात केली की वारसा. आमच्याकडे गोंड बाईनं परसात मोहाची गाळली की धाड."

यावर माझ्याकडे किस्सा नव्हता. गोंडांच्या देवालाही मोहाची धार लागते, लग्नालाही, मर्तिकालाही. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहाच्या फुलांवरच कायदा केला होता. महसुलाच्या आड झाडही येऊ नये! आमच्या मध्य प्रदेशात आदिवासींना घरापुरती गाळायची सूट होती, विकली की गुन्हा. २०२२च्या अबकारी धोरणात सरकारला सुचलं की हीसुद्धा 'हेरिटेज' आहे. आता डिंडोरीकडे बचतगटाच्या बायका ती रीतसर गाळतात. पिढ्यान्‌पिढ्या चोर ठरलेल्या हातांना परवाना मिळाला. माफी कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही.

वाचकांपैकी कुणी डिंडोरीहून येणार असेल, तर एक बाटली जरूर आणा. पैसे देईन. भाषण मात्र या वेळी मेहुणे करतील.