आलं वाळलं की पाच टक्के

कोरेगावात आल्याचा भाव किलोवर नाही, गाडीवर ठरतो. गाडी म्हणजे ५०० किलो. शेतकरी, व्यापारी, दलाल असे तिघे त्या गाडीच्या भावावरून घसा बसेपर्यंत भांडतात. एकमत असतं ते एवढंच, की ओल्या आल्यावर जीएसटी नाही. हे सुख ऊन लागेपर्यंत टिकतं. तेच आलं वाळून त्याची सुंठ झाली की ५ टक्के. आलं शेतकऱ्याचं, ऊन देवाचं, आणि दोघांची गाठ पडली की सरकार पंगतीला हजर. "साहेब, माल अजून अर्धाच वाळलाय. मग अडीच टक्के बसतील का?" असं मला एका व्यापाऱ्यांनी विचारलं होतं. त्यांना विनोद करायचा नव्हता. रिटर्न भरायचं होतं.

मी कर सल्लागार. निदान पाटीवर तसं लिहिलंय. पेठेत मात्र मी "सेल्सटॅक्सचा वकील". मी वकील नाही, आणि सेल्सटॅक्सही राहिलेला नाही. १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट आला, मग ३० जून २०१७ च्या मध्यरात्री संसदेत घंटा वाजवून जीएसटी आणला. पेठ दोन कर मागे आहे. पण सरकार ज्या वेगानं पुढे जातं तो पाहता, मागे राहिलेल्यांची तब्येत जास्त चांगली असावी असा माझा अंदाज आहे.

जीएसटीच्या बारशाला आलेल्या फॉर्मांचं पुढे काय झालं, ही एक करुण कथा आहे. जीएसटीआर-२ हा पहिल्याच महिन्याच्या हिशेबानंतर आजारी पडला आणि नोव्हेंबर २०१७ पासून स्थगितच झाला. जीएसटीआर-३ ची तीच गत. त्यांच्या जागी, सुरुवातीचे दोन महिने निभावून नेण्यापुरता, तात्पुरता म्हणून जीएसटीआर-३बी आला. तो अजून आहे. आपल्याकडे तात्पुरतं म्हणून आलेला पाहुणा आणि तात्पुरता म्हणून आलेला फॉर्म, दोघंही जेवायला राहतात.

आता आमचा घेवडा घ्या. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. व्याख्यानाला येणारे पाहुणे सांगतात, पोत्यातून विकू नका, सुबक पिशवी करा, तिच्यावर नाव छापा, ब्रँड करा. आमच्या ओळखीच्या एका वहिनींनी बचत गटातून नेमकं तेच केलं आणि पिशवी कौतुकानं मला दाखवायला आणली. मला ती बातमी सांगावी लागली. सुटा घेवडा विकला तर कर शून्य. पिशवीत बंद करून वर लेबल लावलं, की १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के. वहिनींची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या खूप आत आहे, त्यामुळे त्यांना तो कर लागतच नव्हता. पण "लागतो, पण तुम्हाला लागत नाही" हे वाक्य ऐकून त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा ब्रँड उतरला. हा नियम २५ किलोपर्यंतच्या पिशवीला आहे, म्हणून पुढे बाजारात २६ किलोची पोती दिसू लागली. एवढं हुशार गिऱ्हाईक कुठल्याच अर्थतज्ज्ञाला भेटलं नसेल.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कोइम्बतूरच्या एका हॉटेलमालकांनी थेट अर्थमंत्र्यांपुढे गाऱ्हाणं मांडलं होतं, की बनवर कर नाही, पण त्यात क्रीम भरलं की १८ टक्के. गिऱ्हाईक म्हणतं, दोन्ही वेगवेगळं द्या, आम्ही भरून घेतो. देश हसला. नंतर माफी मात्र हॉटेलमालकांनाच मागावी लागली.

मग गेल्या वर्षी, २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेला दर घटले. १२ आणि २८ चे टप्पे गेले. ५ आणि १८ राहिले, आणि चैनीच्या व घातक मालाला ४०. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ वर. वह्या-पेन्सिली शून्यावर. हे चांगलं झालं, आणि मी तसं मनापासून म्हणतो. पण त्या आठवड्यात किराणा दुकानदारांचे हाल कुत्रं खाईना. टीव्ही बघून आलेलं गिऱ्हाईक पहिल्या माळेलाच विचारी, "साबण किती स्वस्त झाला?" दुकानात जुना माल, त्यावर जुनी छापील किंमत, आणि संगणकात जुनेच दर. एक काका मला फोनवर म्हणाले, "आवो, कर उतरला तर आनंद व्हायला पायजे न्हवं? मग मला दरदरून घाम का फुटलाय?"

याच काकांना मी कंपोझिशन योजनेत घेतलं होतं. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराला एक टक्का भरून मोकळं होता येतं. बिल साधं, तिमाहीला पैसे, वर्षाला एक रिटर्न. अट अशी, की तो टक्का गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नाही आणि आपण या योजनेत आहोत हे दुकानाच्या पाटीवर लिहायचं. काकांना एक टक्क्याचं काही वाटलं नाही. पाटीचं वाटलं. "लोकांना वाटंल, ह्यांच्यात कायतरी कमी हाय."

पाटीपेक्षाही अवघड असतं शून्य. शेडमधल्या एका फॅब्रिकेशनवाल्याचं पावसाळ्यात एकही काम निघालं नाही. पण काही विकलं नाही, हेही वेळेवर कळवावं लागतं. नाही कळवलं तर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क. "काहीच केलं न्हाई, त्याचं पैसं?" त्यानं विचारलं. मी नियम समजावला. तो वेल्डिंगचा चष्मा डोळ्यावर घेऊन निघून गेला.

लोकांना वाटतं, आमचं काम आकडेमोडीचं. आमचा निम्मा जन्म ओटीपीत जातो. नोंदणी दुकानदाराच्या नावावर, आणि तेव्हा दिलेला मोबाईल नंबर आता मुलाकडे पुण्याला किंवा जावयाकडे कऱ्हाडला. मग तीन ठिकाणांहून एक आकडा प्रवास करत येतो. "पाच... आठ... फुडचं दिसंना, थांबा, चष्मा आणतो." चष्मा येतो तोवर ओटीपी वारलेला असतो.

पूर्वीची वसुली सुटसुटीत होती. १७१९ मध्ये आमच्या साताऱ्याच्या गादीला चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. एक पंचवीस टक्के, दुसरी दहा. दोनच दर, मिळून पस्तीस. आज कोल्ड्रिंकच्या बाटलीवर चाळीस आहे. वसुलीला घोडेस्वार यायचे हे खरं, पण त्यांनी कुणाला पासवर्ड विचारल्याची नोंद नाही.

माझं मत विचाराल तर छोट्या दुकानदाराला दर कमी झाल्यानं बरं वाटतं. पण दर स्थिर राहिला तर त्याला झोप लागेल. पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीला रिटर्न तिमाहीचं केलं, हे चांगलंच झालं. पण पैसे अजून दर महिन्यालाच भरायचे आहेत. आणि १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा कायदाही नवा. १९६१ च्या कायद्याची कलमं आम्ही आत्ता कुठं पाठ केली होती.

तेव्हा पेठेतल्या सर्वांना विनंती. तिमाही संपली की १३ तारखेला जीएसटीआर-१ जातो. बिलांची पिशवी ५ तारखेपर्यंत आणा. १२ तारखेला रात्री शटर वाजवू नका. आणि येताना ओटीपीचा मोबाईल आणा. तो जावयाकडे असेल तर जावयालाच घेऊन या. चहा मी पाजतो.